खलनायकाच्या आरशात चार कषाय

क्रोध, मान, माया आणि लोभ ही चार नावे आपल्या समाजातील शाळकरी मुलालाही पाठ असतात. पाठशाळेत ती म्हणवून घेतली जातात, पर्युषणातील व दशलक्षण पर्वातील प्रवचनांतून त्यांचे विवेचन होते, प्रतिक्रमणात त्यांचा उल्लेख येतो. परंतु नाव पाठ असणे वेगळे आणि तो कषाय एखाद्या चालत्याबोलत्या माणसाच्या मनात कसा शिरतो, कसा वाढतो आणि अखेरीस त्यालाच कसा गिळतो हे डोळ्यांसमोर दिसणे वेगळे. ते दाखवण्याचे काम कथा करतात. म्हणूनच आपल्या पूर्वाचार्यांनी सिद्धांतग्रंथांच्या जोडीला विपुल कथासाहित्य निर्माण केले आणि, प्रथमानुयोग म्हणा वा धर्मकथानुयोग म्हणा, कथेला शास्त्राच्या पंक्तीत मानाचे स्थान दिले.

आज आपल्या घरातील मुले ज्या कथांत रमतात त्यांपैकी पुष्कळशा जपानमधून येतात. तेथील छापील चित्रकथेला मांगा म्हणतात. ती उजवीकडून डावीकडे वाचली जाते, साप्ताहिकांतून वा मासिकांतून वर्षानुवर्षे क्रमशः येते आणि मग तिचे खंड निघतात. याच कथांची चलच्चित्रे झाली की त्यांना अ‍ॅनिमे म्हणतात. हे प्रकरण आपल्याला वाटते तितके नवे नाही. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी ‘जंगल बुक’ ही मालिका मूळची जपानीच होती. निप्पॉन अ‍ॅनिमेशनने ती १९८९ साली काढली. तिच्या हिंदी रूपांतरात शेरखानला आवाज दिला होता तो आपल्या नाना पाटेकरांनी. आज चाळिशीत असलेल्या आपल्या मुलासुनांना मोगलीइतकाच तो शेरखानही आठवतो, याचे श्रेय त्या आवाजाला द्यावे लागेल.

जपानी कथांचे एक वैशिष्ट्य म्हणजे त्यांतील खलनायक. आपल्या जुन्या चित्रपटांत खलनायक पहिल्या प्रवेशापासूनच दुष्ट असे. तो तसा का झाला, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे. मांगाचे उत्तम लेखक मात्र खलनायकाचे बालपण सांगतात, त्याचे दुःख सांगतात, त्याचा युक्तिवाद पूर्ण ताकदीने मांडू देतात. त्यामुळे वाचकाला काही काळ तो पटू लागतो. येथेच या कथांचे बळ आहे आणि येथेच घरातील वडीलधाऱ्यांनी सावध असण्याचे कारणही आहे. महाविद्यालयात जाणारा एखादा नातू सहज म्हणतो, “आजोबा, त्याने मारले, पण फक्त गुन्हेगारांनाच मारले. मग तो वाईट कसा?” या प्रश्नाला ‘असले काही पाहू नकोस’ हे उत्तर होऊ शकत नाही. प्रश्न हिंसेचा आहे, आणि ज्या समाजाने अहिंसेचा सूक्ष्मात सूक्ष्म विचार केला त्या समाजातील वडीलधाऱ्यांकडे त्याचे उत्तर असले पाहिजे. ते देता यावे म्हणून या खलनायकांचा थोडा परिचय करून घेऊ.

क्रोध : औषध देणाऱ्याचाच वध

कोयोहारु गोतोगे यांची ‘डेमन स्लेअर’ ही मांगा २०१६ ते २०२० या काळात प्रसिद्ध झाली. तिचे २३ खंड आहेत. तिच्यावरील चित्रपट आपल्याकडील चित्रपटगृहांतही गर्दी खेचतात. कथेचा काळ तैशो युगाचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीचा. माणसांना खाणाऱ्या राक्षसांचा मूळ पुरुष मुझान हा तिचा खलनायक. हा हजार वर्षांपूर्वी एक दुर्धर आजार जडलेला तरुण होता. विशी गाठण्याआधीच तो मरणार, असे सर्वांनी धरून चालले होते. एक सहृदय वैद्य त्याच्यावर नवे औषध करून पाहत होता. गुण येत नाही, उलट प्रकृती ढासळते आहे, या संतापात मुझानने त्या वैद्याचा वध केला. पुढे त्याच्या ध्यानात आले की औषध लागू पडले होते. शरीर बलवान झाले होते. मात्र उपचार अर्धवट राहिल्याने सूर्यप्रकाश सोसेनासा झाला आणि माणसाच्या मांसाची वासना जडली. उपचार पूर्ण करण्यासाठी लागणारे निळे फूल कोठे मिळते, हे जाणणारा एकच माणूस होता आणि त्याला तर त्याने स्वतःच मारले होते.

क्रोधाचे याहून नेमके चित्र शोधून सापडणार नाही. एका क्षणाच्या रागाने हजार वर्षांचा अंधार विकत घेतला. शास्त्रकारांनी क्रोधाच्या चार प्रती सांगताना चार रेषांचे दृष्टांत दिले आहेत : पाण्यावरची रेषा, वाळूवरची रेषा, जमिनीवरची भेग आणि दगडातली चीर. मुझानचा क्रोध दगडातल्या चिरेसारखा, अनंतानुबंधी आहे. तो स्वतःच्या सेवकांनाही क्षुल्लक कारणावरून मारतो आणि कधीही, कोणाहीबद्दल त्याला पश्चात्ताप होत नाही.

त्याच्यासमोर लेखकाने उभा केला आहे तो तान्जिरो, कोळसा विकणाऱ्या कुटुंबातील थोरला मुलगा. मुझानने त्याचे जवळजवळ सारे कुटुंब मारले आहे. तरीही राक्षस मरणोन्मुख होतो तेव्हा हा मुलगा त्याचा हात हातात घेतो आणि त्याच्या पुढच्या गतीसाठी प्रार्थना करतो. लढाई आहे, रक्तपात आहे, तो आपल्याला रुचणारा नाही. परंतु शत्रूविषयीही मनात वैर उरू नये ही जाणीव त्या मुलापाशी आहे, हे मान्य केले पाहिजे.

वैराची परंपरा : पावसाच्या गावातील अनाथ

क्रोध पिढ्यान्पिढ्या चालू राहिला की त्याचे वैर होते. मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ या १९९९ ते २०१४ या काळात चाललेल्या दीर्घ कथेत नागातो नावाचा खलनायक आहे. ‘पेन’, म्हणजे वेदना, या नावाने तो वावरतो. मोठमोठी राष्ट्रे आपली युद्धे ज्या छोट्या देशाच्या भूमीवर लढली, त्या देशातील हे अनाथ मूल. मोठ्या राष्ट्राच्या योद्ध्यांनी शत्रू समजून त्याच्या आईवडिलांना मारले. पुढे शांततेचे स्वप्न पाहणारा जिवलग मित्रही गेला. तेव्हा नागातो या निष्कर्षाला आला की वेदना भोगल्याशिवाय कोणालाही दुसऱ्याची वेदना कळत नाही. म्हणून सर्व जगाला वेदना द्यावी. त्याने नायकाचे गाव उद्ध्वस्त केले, नायकाच्या गुरूला ठार केले.

या टप्प्यावर नायक नारुतोच्या हातात नागातोचा जीव आहे. वाचकालाही सूड हवा असतो. नारुतो त्याच्यासमोर बसतो, त्याची सगळी कहाणी ऐकून घेतो, आणि म्हणतो की मला तुला क्षमा करता येत नाही, पण मी तुला मारणारही नाही. ही साखळी येथे थांबली पाहिजे. हे ऐकून नागातो स्वतःचे प्राण वेचून गावातील मृतांना पुन्हा जिवंत करतो.

येथे एक गोष्ट विशेष वाटते. नारुतो खोटी क्षमा करत नाही. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना आपण हात जोडतो, भ्रमणध्वनीवर एकच संदेश शेकडो जणांना धाडतो. पण ज्या भावाशी दुकानाच्या वाटणीवरून बोलणे बंद आहे त्याच्या दारी जात नाही. मनातला राग अजून गेलेला नाही हे प्रामाणिकपणे मान्य करून, तरीही वैराची पुढची कडी न जोडणे, ही क्षमेची पहिली पायरी आहे. ती चढता येणे हेही थोडके नव्हे.

मान : एकाच बाजूची वही

नातवाचा तो प्रश्न ज्या कथेमुळे उद्भवला ती ‘डेथ नोट’. त्सुगुमी ओहबा यांचे लेखन आणि ताकेशी ओबाता यांची चित्रे असलेली ही मांगा २००३ च्या डिसेंबरपासून २००६ च्या मेपर्यंत ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात आली. तिच्यावरील ३७ भागांची मालिका २००६-०७ मध्ये झाली. लाइट यागामी हा बुद्धिमान, देखणा, परीक्षेत सर्वप्रथम येणारा विद्यार्थी. वडील पोलीस खात्यात वरिष्ठ अधिकारी. त्याला एक वही सापडते. ज्याचा चेहरा ठाऊक आहे अशा माणसाचे नाव तीत लिहिले की तो माणूस मरतो. ती वही मृत्युदेवाने केवळ कंटाळा आला म्हणून खाली टाकलेली असते.

लाइट ठरवतो की गुन्हेगारांची नावे लिहायची आणि जग स्वच्छ करायचे. त्याच्या युक्तिवादात तथ्य वाटावे अशी लेखकाने व्यवस्था केली आहे : गुन्हे कमी होतात, युद्धे थांबतात. परंतु आरंभीच दूरचित्रवाणीवर एक माणूस त्याला दुष्ट म्हणतो आणि लाइट रागाच्या भरात त्याचेही नाव लिहितो. त्या माणसाने त्या क्षणी त्याच्या अहंकाराला धक्का लावण्यापलीकडे काहीही केलेले नव्हते. मग त्याच्या मागावर असलेले निरपराध तपास अधिकारी मरतात. शेवटी त्याच्या डावपेचांत स्वतःच्या वडिलांचाही बळी जातो. ‘वाईटाचा नाश’ हे ध्येय होते ते ‘मला विरोध करील त्याचा नाश’ येथवर केव्हा आले, हे त्याला कळलेच नाही. हा मानकषाय. तो सद्गुणाच्या वेषात येतो, म्हणून अधिक घातक.

आता नातवाच्या प्रश्नाचे उत्तर. जैन विचार हिंसेच्या तीन वाटा सांगतो : कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केलेल्याला मान्यता देणे. लाइटच्या हाताला रक्ताचा थेंबही लागत नाही. तो आपल्या अभ्यासिकेत दिवा लावून वहीत लिहितो. तरीही मन, वचन आणि काया या तिन्ही योगांनी ती हिंसा पूर्ण झाली आहे, हे आपले कर्मशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते. याहून महत्त्वाचा मुद्दा तिसऱ्या वाटेचा. कथेतील सामान्य लोक हळूहळू या अदृश्य मारेकऱ्याचे भक्त होतात. त्यांनी कोणाला मारलेले नाही. त्यांनी फक्त टाळ्या वाजवल्या आहेत. अनुमोदनेचे इतके स्पष्ट चित्रण मी अन्य कथेत क्वचितच पाहिले आहे.

आणि हे चित्र जपानपुरते नाही. एखाद्या आरोपीचा खटला उभा राहण्यापूर्वीच त्याचा अंत झाल्याची बातमी येते, तेव्हा आपल्या कुटुंबाच्या समूहावरही अभिनंदनाचे संदेश फिरतात. मुंगी वाचवण्यासाठी वाकून चालणारी माणसे ते संदेश पुढे पाठवतात. मुले हे पाहत असतात. मग त्यांना लाइट योग्य वाटला, तर ती शिकवण त्यांना केवळ मांगाने दिली असे म्हणता येणार नाही.

आपण व्यापारी कुटुंबे. वहीचे महत्त्व आपल्याला कोणी सांगायला नको. दिवाळीला आपण तिची पूजा करतो. ज्या वहीला नावे आणि जमा अशा दोन बाजू नाहीत ती वही खोटी, हे आपल्याकडील नवशिका गुमास्ताही जाणतो. लाइटच्या वहीला एकच बाजू होती. दुसऱ्यांच्या अपराधांची नोंद तीत होत राहिली. त्याच्या स्वतःच्या खात्याचे पान तीत नव्हते. ते पान मृत्युदेवाजवळ होते आणि शेवटी त्यानेच लाइटचे नाव लिहिले.

माया : शब्दांनी मारणारा

नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’ ही प्रौढांसाठीची मांगा १९९४ ते २००१ या काळात आली. कथा जर्मनीत घडते. केन्झो तेन्मा हा ड्युसेलडॉर्फमधील निष्णात जपानी मेंदू शल्यचिकित्सक. वरिष्ठांच्या आज्ञेवरून त्याने एकदा आधी आलेल्या गरीब मजुराला सोडून प्रसिद्ध गायकावर शस्त्रक्रिया केली होती, मजूर दगावला. त्या मजुराच्या पत्नीचा आक्रोश त्याच्या मनातून जात नाही. पुढे शहराच्या महापौरावर उपचार करण्याचा हुकूम असताना तो आधी आणलेल्या, डोक्यात गोळी लागलेल्या एका लहान मुलाला वाचवतो. प्रतिष्ठा जाते, ठरलेला विवाह मोडतो. नऊ वर्षांनंतर त्याला कळते की वाचवलेले ते मूल, योहान, एक थंड डोक्याचा खुनी झाले आहे.

योहान मृदुभाषी आहे, सुंदर आहे, मुलांवर प्रेम करणारा वाटतो. तो शस्त्र क्वचितच उचलतो. तो समोरच्याच्या मनातील जखम ओळखतो आणि नेमक्या शब्दाने ती उघडी करतो. मग माणसे स्वतःहून विनाशाकडे चालू लागतात. ज्या अनाथालयात त्याला ठेवले होते तेथेही त्याने परस्परांविषयी विष पेरून सर्वांना एकमेकांच्या जिवावर उठवले. माया म्हणजे केवळ खोटे बोलणे नव्हे. आतला हेतू एक आणि बाहेरचे रूप दुसरे, अशी कायमची फारकत म्हणजे माया. योहान हे तिचे टोक आहे.

परंतु या कथेचा खरा प्रश्न तेन्मापुढे आहे. सर्व जीव समान आहेत असे मानून त्याने एक जीव वाचवला आणि त्या जीवाने अनेक जीव घेतले. मग त्याचे तत्त्व चुकले काय? वाचवलेल्याला आता ठार मारणे हे त्याचे कर्तव्य आहे काय? तो पिस्तूल घेऊन अनेक देश पालथे घालतो. अठरा खंडांच्या अखेरीस योहान पुन्हा मरणासन्न होऊन त्याच्यासमोर येतो, पुन्हा डोक्यात गोळी लागलेला. आणि तेन्मा पुन्हा शस्त्रक्रिया करून त्याला वाचवतो.

जीवदयेचे काम करणाऱ्यांना असा प्रश्न नेहमी विचारला जातो : पात्र पाहून दया करावी की नको? तेन्माचे उत्तर असे की जीव वाचवताना तो पुढे काय करील याचा हिशेब मांडता येत नाही. वैद्याने तो मांडू नये. अभयदानाला आपल्याकडे श्रेष्ठ दान का म्हटले आहे, हे या जर्मनीतील जपानी कथेने मोठ्या ताकदीने दाखवले आहे.

लोभ : ग्रहांचा दलाल

अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही मांगा १९८४ ते १९९५ पर्यंत चालली. तिच्यातील फ्रीझा हा खलनायक जगभरच्या मुलांना ठाऊक आहे. त्याचा उद्योग असा : एखादा ग्रह हेरायचा, तेथील रहिवाशांचा निःपात करायचा आणि मोकळा झालेला ग्रह चांगल्या किमतीला विकायचा. बोलणे मात्र अत्यंत अदबीचे. त्याच्या माणसांच्या डोळ्यांवर एक यंत्र असते. समोरच्याची शक्ती किती, हे ते आकड्यात सांगते. आकडा लहान दिसला की त्या जीवाची पर्वा करायची नाही. आपली शक्ती लपवता येणाऱ्या नायकांपुढे ही आकडेमोड पुन्हा पुन्हा फसते.

ही कल्पना लेखकाला सुचली ती जमिनीच्या सट्टेबाजांवरून, असे तोरियामा यांनीच सांगून ठेवले आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये जमिनीचे आणि समभागांचे भाव आकाशाला भिडले होते. मोठा भूखंड जुळवण्यासाठी छोट्या घरमालकांना आणि भाडेकरूंना धाकदपटशाने हुसकावून जागा खाली करून घेणारे दलाल त्या काळी शहरोशहरी वावरत. १९८९ च्या अखेरीस समभागांचा भाव शिखरावर पोहोचला आणि पुढे कोसळला. पाठोपाठ जमिनीही उतरल्या. त्या जमिनींच्या तारणावर कर्जे देऊन बसलेल्या बँका पुढे दशकभर बुडीत कर्जांशी झगडत राहिल्या. बँकेच्या कर्जविभागात काम केलेल्या माणसाला हे वाचताना एक गोष्ट टोचते. तारणाची किंमत किती, मालकी निर्वेध आहे काय, हे प्रश्न अर्जाच्या नमुन्यात असतात. ती जागा मोकळी कशी झाली, हा प्रश्न त्यात नसतो. तो विचारणे प्रत्येकाच्या विवेकावर सोडलेले असते.

लहान मुलांना लोभ दाखवायचा तर हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ हा २००१ चा चित्रपट अधिक सोयीचा. त्यातील बिनचेहऱ्याचे भूत हातातून सोने काढून वाटते. स्नानगृहातील नोकर सोन्यासाठी त्याच्याभोवती नाचतात आणि ते त्यांना गिळत सुटते. चिहिरो ही दहा वर्षांची मुलगी तेवढी सोने नाकारते, कारण तिला त्याची गरज नसते. परिग्रह-परिमाण व्रताचा धडा देण्यासाठी एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

दोष बाहेर काढले, पण नोकरीस ठेवले

हिरोमु आराकावा यांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही २००१ ते २०१० मधील मांगा. हिच्या मुळाशी समतुल्य विनिमयाचा नियम आहे : काही मिळवायचे तर तेवढ्याच मोलाचे काही द्यावे लागते. फुकट काही नाही, ही गोष्ट व्यापाऱ्याला आणि कर्मसिद्धांत मानणाऱ्याला सारखीच पटण्याजोगी आहे. यातील मुख्य खलनायकाला सारे ‘फादर’ म्हणतात. त्याला परिपूर्ण व्हायचे आहे. म्हणून त्याने आपल्यातील गर्व, लोभ, मत्सर, क्रोध, आळस, वासना आणि खादाडपणा असे सात दोष वेगळे काढले आणि प्रत्येकाला स्वतंत्र देह दिला. आता आपण निर्दोष झालो, अशी त्याची समजूत. परंतु हे सातही दोष त्याच्याच आज्ञेने माणसे मारत फिरतात.

निर्जरा आणि ही कृती यांतला भेद मुलांना समजावून देण्यासारखा आहे. दोष क्षीण करणे वेगळे आणि ते दुसऱ्याच्या अंगावर घालून स्वतः स्वच्छ राहणे वेगळे. ‘मी खोटे बोलत नाही, ते बोलणी करणारा आमचा माणूस पाहतो’ असे म्हणणारा शेठ याच ‘फादर’चा भाऊबंद होय. गंमत अशी की त्या सातांपैकी लोभ नावाचा जो आहे, तो नायकांच्या संगतीत राहून बदलतो. आपल्याला खरे तर मित्र हवे होते, हे त्याला उमगते आणि त्यांच्यासाठी तो प्राण देतो. निर्माता मात्र अखेरपर्यंत आपले काय चुकले हे विचारीत राहतो.

खलनायक म्हणावे की नाही?

मियाझाकी यांच्याच १९९७ मधील ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या चित्रपटात एबोशी नावाची कारखानदार स्त्री आहे. लोखंड गाळण्यासाठी ती जंगल तोडते, कोळशासाठी डोंगर उघडे करते, वनदेवतेवर बंदूक चालवते. आणि तीच कुंटणखान्यातून सोडवलेल्या स्त्रियांना मानाचे काम देते, समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांची स्वतःच्या हातांनी शुश्रूषा करते. तिच्या गावातील माणसांना विचाराल तर ती देवता. अरण्यातील प्राण्यांना विचाराल तर ती राक्षसी. दोन्ही विधाने आपापल्या ‘स्यात्’पुरती सत्य आहेत. अनेकान्तवाद शिकवण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि वनकर्म यांची नावे का घातली असतील, हाही विचार येथे मनात येतो. शेकडो कुटुंबांना रोजगार देणारा उद्योगही किती जीवांच्या मोलावर उभा आहे, हे पाहण्याची सक्ती त्या नियमाने व्यापाऱ्यावर केली आहे.

खलनायकाकडे असे पाहणे आपल्याला नवीन नाही. विमलसूरींच्या ‘पउमचरिय’पासून पुढील जैन रामकथांत रावण हा दहा तोंडांचा राक्षस नाही. तो विद्वान, पराक्रमी, जिनभक्त प्रतिवासुदेव आहे. गळ्यातील रत्नहारात चेहऱ्याची प्रतिबिंबे दिसल्याने त्याला दशमुख हे नाव पडले. इच्छा नसलेल्या स्त्रीला स्पर्श करणार नाही, हे त्याचे व्रत तो पाळतो. तरीही एका मोहाने त्याचा नाश होतो. आणि परंपरा सांगते की हाच जीव पुढे कधीतरी तीर्थंकर होणार आहे. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला १९९२ चा रामायणावरील जपानी-भारतीय चित्रपट २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडे पुन्हा पडद्यावर आला. तो मुलांना दाखवला असेल, तर घरी आल्यावर आपली रामकथाही त्यांना सांगावी.

असाच दुवा ओसामु तेझुका यांच्या ‘बुद्ध’ या १९७२ ते १९८३ मधील मांगात आहे. त्यात बिंबिसाराला बंदिवासात टाकणारा अजातशत्रू येतो. हा बिंबिसार म्हणजे आपला राजा श्रेणिक आणि अजातशत्रू म्हणजे कुणिक. चेलना राणीकडून कुणिकाला कळते की लहानपणी त्याचे बोट सडले तेव्हा पित्याने ते तोंडात धरून त्याची वेदना शमवली होती. तो बेड्या तोडण्यासाठी शस्त्र घेऊन धावतो. श्रेणिकाला वाटते, मुलगा मारायला आला, आणि तो आधीच प्राणत्याग करतो. पश्चात्ताप झाला, पण उशिरा. ही कथा ज्या मुलाने ऐकली, त्याला टोकियोतील कोणतीही चित्रकथा परकी वाटणार नाही.

घरात काय करावे?

या सर्व कृती सर्व वयांसाठी नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘डेमन स्लेअर’मध्ये रक्तपात पुष्कळ आहे, लहानांना ती देऊ नये. ‘डेथ नोट’ समजण्याइतके वय व्हावे लागते आणि ‘मॉन्स्टर’ तर मोठ्यांचीच आहे. लहानांसाठी मियाझाकींचे ‘स्पिरिटेड अवे’ पुरेसे. बंदी घालून मात्र काही साधत नाही. मूल दाराआड पाहते आणि त्याचा प्रश्न विचारायला कोणी उरत नाही.

त्यापेक्षा सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपल्यावर, आठवड्यातून एखादा भाग मुलांबरोबर बसून पाहावा आणि नंतर तीन साधे प्रश्न विचारावेत. हा माणूस पहिल्यांदा कोणत्या क्षणी घसरला? त्या वेळी कोण गप्प बसले किंवा कोणी टाळ्या वाजवल्या? आणि कोठून तो मागे फिरू शकला असता? पहिल्या प्रश्नाने कषाय ओळखू येतो, दुसऱ्याने अनुमोदना कळते आणि तिसऱ्याने प्रतिक्रमणाचा अर्थ उलगडतो, कारण प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणेच होय.

मुले चौथा प्रश्न स्वतःहून विचारतील : “आजोबा, तुम्हाला राग आला होता तेव्हा तुम्ही काय केले होते?” त्या वेळी उत्तर टाळू नये. चार कषायांची नावे मुलांना पाठ आहेतच. त्यांच्याशी झगडताना घरातले माणूस कसे दिसते, हे त्यांना अजून पाहायचे आहे.

जय जिनेन्द्र.